उपवास करावा

समरजित जगदाळेच्या हृदयात बिघाड सुरू झालाय हे कळलं, तेव्हा त्याला काहीसुद्धा होत नव्हतं. आणि घरादाराला कौतुक होतं ते याच गोष्टीचं. सांगलीतल्या एका शाळेत तो खेळाचा शिक्षक होता. वय तेव्हा छत्तीस. कबड्डीच्या सरावात दहावीची तीन-तीन पोरं कमरेला आणि पायाला लोंबकळत असताना हा पठ्ठ्या मध्यरेषेला हात लावून मोकळा व्हायचा. दम असा, की समोरचे कंटाळायचे पण याचं 'कबड्डी कबड्डी' तुटायचं नाही. अशा माणसाचा हृदयरोग लक्षणं दिसायच्या आधीच पकडला गेला, कारण त्याची बायको अनुजा 'हृदयवेध' संशोधन केंद्रात नोकरीला होती. लग्नात, बारशाला, जिथं चार माणसं भेटतील तिथं समर सांगायचा, "लोकांच्या बायका नवऱ्याचा जीव खातात, माझीनं वाचवला." लोक हसायचे. अनुजा लटक्या रागानं त्याच्याकडे बघायची आणि मनातून तिला फार बरं वाटायचं.

त्याला आता दोन वर्षं झाली. सन २०४१चा जानेवारी होता. समर आता दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना जिन्यात मध्येच थांबायचा आणि मोबाइल बघितल्यासारखं करायचा. मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही नसायचं. शिट्टी फुंकली तरी धाप लागायची, म्हणून मैदानावर तो हल्ली टाळ्या वाजवून खेळ थांबवायचा. औषध वेळेत मिळूनही रोग पुढं सरकतोय, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. त्यावर उपाय एकच, औषधाचा दुसरा डोस, तोही दुप्पट ताकदीचा. आज दुपारी बाराला पुन्हा एकदा चाचणी आणि चाचणी होताच इंजेक्शन, असं ठरलं होतं.

हे औषध काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं. त्याला रविवार नाही. एवढं काम करणाऱ्याला खायलाही तसंच लागतं, आणि गंमत म्हणजे ते स्वतःजवळ फारसा साठा ठेवत नाही. रक्तातून जे येईल ते लगेच जाळतं. जाळायला मुख्य गोष्टी दोन, चरबी आणि साखर. आईच्या पोटात असताना बाळाचं हृदय बहुतेक साखरेवर चालतं, कारण तिथं प्राणवायू बेताचा असतो आणि साखरेला तो कमी लागतो. जन्मानंतर काही दिवसांत पेशींमधली नियंत्रक प्रथिनं कामाला लागतात. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि चरबी जाळणारी जनुकं चालू करतात. जनुकं जन्माआधीही तीच आणि नंतरही तीच. फरक पडतो तो कोणतं पान उघडं आहे आणि कोणतं मिटलेलं, यानं. मोठ्या माणसाचं हृदय निम्म्याहून जास्त काम चरबीवर करतं.

पण शहाणं हृदय हट्टी नसतं. जेवण झालं, रक्तात साखर आणि इन्सुलिन वाढलं, की ते साखर जाळतं. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की पुन्हा चरबीकडे वळतं. आजारी हृदयाचं हे वळणं बंद होतं. नियंत्रक प्रथिनं कमी पडतात, चरबीचं पान मिटत जातं आणि हृदय पोटातल्या बाळासारखं साखरेवर भागवू बघतं. मोठ्या माणसाच्या कामाला तेवढा शिधा पुरत नाही. मग ते हळूहळू थकतं आणि फुगतं.

'हृदयवेध'चे प्रमुख डॉ. निरंजन कुंटे यांनी नेमकं या वळण्यावर बोट ठेवलं. त्यांची चाचणी साधी होती. माणसाला अठरा तास काही खाऊ द्यायचं नाही. मग ओळखू येतील अशा खुणेच्या अणूंची चिमूटभर चरबी आणि चिमूटभर साखर शिरेतून सोडायची आणि छातीवर पट्टा बांधून हृदय त्यातलं काय उचलतं ते मोजायचं. अठरा तास रिकाम्या पोटी असलेलं निरोगी हृदय चरबीच उचलणार. तरीही जे साखर उचलेल, ते आतून बिघडू लागलंय, मग तो माणूस वरून कितीही धडधाकट दिसो. अशांना डॉक्टर 'मूक रुग्ण' म्हणायचे. त्यांच्यासाठी जे औषध होतं, ते जनुकाला कात्री लावत नव्हतं. नियंत्रक प्रथिन जिथं बसतं ती जागा ते रासायनिक खुणा करून कायमची उघडी ठेवायचं, पुस्तकाचं पान मिटू नये म्हणून टाचणी लावावी तसं. केंद्रात त्या औषधाला सगळे टाचणीच म्हणत. चार वर्षांत एकोणचाळीस मूक रुग्णांना टाचणी टोचून झाली होती, आणि समर त्यातला चौतिसावा होता.

तो त्यात पडला तोही अनुजासाठी. निरोगी माणसांच्या गटात माणसं कमी पडत होती, केंद्राला तारीख गाठायची होती आणि अनुजा घरी येऊन कपाळाला हात लावून बसायची. समर म्हणाला, घाल माझं नाव, माझ्याइतका निरोगी माणूस तुला शोधून सापडायचा नाही. पट्ट्यानं त्याचं हृदय साखर उचलताना पकडलं, तेव्हा अनुजा केंद्राच्या जिन्यात बसून रडली होती आणि रडता रडता देवाचे आभार मानत होती.

आज तिनं रजा काढली होती. चाचणीच्या दिवशी ती एरवी सहालाच घर सोडायची. लोकांचे फॉर्म तपासायला आणि पट्टे बांधायला ती तिथं लागायचीच. समरच्या पहिल्या चाचणीलाही ती अशीच लवकर गेली होती आणि समर मागाहून एकटा आला होता. आज त्याला स्वतः न्यायचं म्हणून आठ वाजता ती घरातच होती. स्वयंपाकघरातून तुपाजिऱ्याच्या फोडणीचा वास आला, तेव्हा तिला इतकंच वाटलं, की सासूबाईंना आज भूक लवकर लागलेली दिसते.

शालनताई कढईत साबुदाणा परतत होत्या. शेजारी दाण्याचं कूट होतं, खवलेलं खोबरं होतं, एका पातेल्यात रताळ्याचा कीस झाकून ठेवला होता. ओट्यावर समरचं नाव घातलेली थाळी धुऊन पुसून मांडलेली होती. हे कोणासाठी, असं अनुजानं विचारलं.

"समरसाठी गं. आज तपासणी हाय न्हवं त्याची? उपास धरलाय त्यानं कालधरनं."

अनुजाला ऐकलेलं समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, की आई, चाचणीच्या आधी काही खायचं नसतं.

शालनताईंना सुनेच्या अज्ञानाची गंमत वाटली. "खायाचं कुटं म्हनतिया मी? उपासाचं हाय. मीठ बी सैंधव घातलंय."

आणि मग त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं. मागच्या वेळीही त्यांनी असंच नीट केलं होतं. आदल्या रात्री, कालच्यासारखंच अनुजा केंद्रातून यायच्या आत, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. सकाळी आठला दोन थाळ्या खिचडी, वर तूप सोडून. निघताना दोन केळी आणि मूठभर खजूर. पोरगं कष्टाचं, त्याला चक्कर यायला नको. केंद्राचा कागद त्यांनी स्वतः वाचून घेतला होता. त्यावर लिहिलंच होतं ना, उपवास करावा, पाणी चालेल म्हणून. पाणी चालतं म्हणजे निर्जळी नाही, साधा उपास. एवढं न कळायला त्या काही खुळ्या नव्हत्या.

समर अंघोळ करून आला, पाटावर बसला, शालनताईंनी थाळी वाढली, तोवर ती तशीच उभी होती. त्यानं पहिला घास उचलला तेव्हा तिनं पुढं होऊन थाळी ओढून घेतली. काय झालं, असं तो विचारत राहिला. तिला इतकंच सांगता आलं, की काही खाऊ नकोस, आणि मी फोन केल्याशिवाय केंद्रात पाऊल टाकू नकोस. पायात चपला अडकवून ती बाहेर पडली.

कागदावरचं ते वाक्य तिचंच होतं. सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं, लग्नाच्या आधी, जयसिंगपूरला आईकडे राहत असताना. अनुजा माहेरची चौगुले, जैनांच्या घरची. त्या घरात उपवास म्हणजे उपवास, तोंडात अन्नाचा कण नाही. पर्युषणात तिची आई उपवास धरायची तेव्हा उकळून गार केलेलं पाणी घ्यायची, आजी तर तेही घ्यायची नाही. ज्याला झेपत नसेल त्यानं एकाशन करावं, एकदाच जेवावं, पण त्याला उपवास म्हणू नये. फॉर्मचं मराठी करताना अनुजानं आधी 'उपाशी राहावे' असंच लिहिलं होतं. प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीतल्या एका वयस्क सभासदांना ते खटकलं. माणसांना इथं उपाशी ठेवतात असं वाचून कोण येईल, जरा सभ्य शब्द घाला, असं ते म्हणाले. तेव्हा तिनं ते खोडून 'उपवास करावा' लिहिलं. खाली काळजीनं 'पाणी चालेल' हेही जोडलं, कारण म्हातारी माणसं आजीसारखी पाणीसुद्धा सोडतील अशी तिला भीती वाटली. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथं तेही बदललं नव्हतं. शब्द एकच होता आणि तो वाचणारी घरं दोन होती.

तिला हे माहीत नव्हतं असं थोडंच होतं? सासरी आल्यावर एकादशीला खिचडी ओरपताना ती स्वतःच शालनताईंना 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणून चिडवायची. पण ते घरातलं होतं आणि हे कागदावरचं. तो कागद तिनं पुन्हा कधी वाचला नव्हता. स्वतःचं अक्षर कोण वाचतं?

रिक्षात बसल्यावर मात्र तिचं डोकं चालू लागलं आणि ते थांबवता येईना. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आठला दोन थाळ्या खिचडी, वर केळी आणि खजूर. रक्तात साखर उसळणार, इन्सुलिन धावून येणार, इन्सुलिन चरबीची वाट अडवणार, आणि बाराच्या सुमारास हृदय साखर जाळत असणार. म्हणजे पट्टा खोटं बोलला नव्हता. जेवलेल्या निरोगी हृदयानं जे करायला हवं, नेमकं तेच समरचं हृदय करत होतं. ते वळत होतं. ते शहाणं होतं.

आणि त्याला टाचणी मारली होती. चरबीचं पान कायमचं उघडं, मग पोट भरलेलं असो की रिकामं. असं हृदय जाळता येईल त्याहून जास्त चरबी ओढत राहतं. न जळलेली चरबी स्नायूत थेंबाथेंबानं साचते, तिथं विषासारखी वागते, आणि स्नायू मरतो त्या जागी वण उरतो. उंदरांमध्ये हे फार पूर्वी दिसलं होतं; अनुजानं स्वतः ते टिपण टाइप केलं होतं. समरचा रोग पुढं सरकत नव्हता. रोग नव्हताच. जी धाप त्याला लागत होती, ती औषधाची होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं म्हणतात, इथं तर रेडाही आजारी नव्हता. आणि आज बाराला त्याच औषधाचा दुप्पट डोस त्याला मिळणार होता, तिनं स्वतः त्याला हाताला धरून नेलं असतं. अनुजानं रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं.

केंद्रात पोचल्यावर तिनं कोणाशी न बोलता एकोणचाळीस जणांची यादी उघडली. आडनावं वाचली. पुन्हा एकदा वाचली. चाचणी झालेल्या चारशे माणसांत सत्तरएक जैन होते. मगदूम, आकिवाटे, उपाध्ये, चौगुले. मूक रुग्णांच्या यादीत त्यातलं एकही आडनाव नव्हतं. हे डॉ. कुंट्यांच्याही लक्षात आलं होतं, नाही असं नाही. त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला होता, की या समाजाच्या जनुकांत हृदयाचं रक्षण करणारा काहीतरी वेगळेपणा असावा. परदेशातून त्यावर पत्रं आली होती.

तिनं यादीतल्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न एकच, चाचणीच्या दिवशी उपवासाला काय खाल्लं होतं? कोणी लपवलं नाही, कोणी अडखळलं नाही. तासगावच्या एका बाई भगर आणि बटाट्याची भाजी म्हणाल्या. एका निवृत्त तलाठ्यांनी साबुदाणा वडे खाल्ले होते आणि वर राजगिऱ्याचा लाडू. चहा मात्र घेतला नाही हो, असं ते ठासून म्हणाले. नववा फोन एका सुनेनं उचलला. तिचे सासरे दिवाळीच्या आधी गेले होते. केंद्रातली माणसं फार मायेची, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते, हेही तिनं सांगितलं. अनुजानं तरीही विचारलं. खिचडीच खाल्ली असेल, ती म्हणाली, त्यांच्या आवडीची होती. यादीतले आणखी एक जण गेल्या उन्हाळ्यात गेले होते. त्यांच्या घरी फोन करायचं धैर्य अनुजाला झालं नाही.

डॉ. कुंटे दहाला आले. ते वाईट माणूस नव्हते, हे इथंच सांगून टाकतो. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं आणि मग एकेक शंका काढली. रक्तातली साखर आपण आधी बघत होतो ना, त्यांनी विचारलं. बघत होतो, अनुजा म्हणाली, पण खिचडी आठची आणि सुई बाराची. तोवर धडधाकट माणसाची साखर जाग्यावर येते, इन्सुलिनचा अंमल मात्र उतरत असतो आणि ते आपण कधी मोजलंच नाही. मग प्रत्येकाला तोंडी विचारत होतो त्याचं काय, डॉक्टर म्हणाले.

"विचारत होतो. मीच विचारायची, उपवास केलाय ना? ते म्हणायचे, केलाय."

डॉक्टरांनी टेबलावरचा फॉर्म ओढून घेतला. ते म्हणाले, की माझी आई एकादशीला शिंगाड्याचा शिरा करते, मी आजही हट्टानं मागून खातो. "हा कागद मी तीन वेळा वाचून सही केलीय, अनुजा. तीन वेळा."

समरचं इंजेक्शन त्यांनी तिथल्या तिथं रद्द केलं. मग दोघांनी उताऱ्याचा विचार केला. टाचणीच्या रासायनिक खुणा पुसणारं एक औषध होतं. दुसरीकडं थोड्या रुग्णांवर ते वापरून झालं होतं. त्यानं पान पुन्हा मिटू-उघडू लागे. साचलेली चरबी काही महिन्यांत ओसरली असती. वण मात्र भरून येणारे नव्हते, आणि प्रत्येक आठवड्याला नवे पडत होते. समरचा दम परत येईल का, असं अनुजानं विचारलं. थोडा येऊ शकेल, डॉक्टर म्हणाले, किती ते सुरुवात कधी होते त्यावर आहे.

सुरुवात कधी होणार, इथं घोडं अडलं. दुपारी केंद्राचे वकील आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि तासाभरात एक पानाचा मसुदा तयार केला. फॉर्ममध्ये चूक होती असं कबूल केलं, तर केंद्राला त्याच दिवशी टाळं लागेल, औषधाचा साठा आत अडकेल, चौकशी होईल आणि उतारा मिळायला दोन महिने जातील की चार, ते कोणी सांगू शकणार नाही. त्याऐवजी सहभागी व्यक्तींनी सूचना पाळली नाही असं ठरलं, तर केंद्र चालू राहील आणि सोमवारपासून टोचायला सुरुवात करता येईल. खोटं असं त्यात काय आहे, वकील म्हणाले, खाल्लं तर त्यांनी होतंच. प्रत्येकाची सही लागेल आणि साक्षीला केंद्रातलं कोणीतरी. डॉक्टरांनी मसुदा वाचून अनुजाकडे सरकवला. अनुजानं मसुद्याची पहिली प्रत पिशवीत घातली. सोमवार, एवढा एकच शब्द तिच्या डोक्यात होता. त्या कागदावर आपलं नाव कुठंच येत नाही हेही तिच्या लक्षात आलं होतं, आणि लक्षात आल्याची तिला लाज वाटली.

घरी समर गच्चीत खुर्ची टाकून बसला होता. जिना चढून गेल्यावर तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बसून सांगायला गेले तर सांगता येणार नाही, असं तिला वाटत होतं. शब्द कोणी लिहिला, का लिहिला, त्याचा तिच्या माहेरी काय अर्थ आणि इथं काय, टाचणीनं काय केलं. दोघं जण गेले तेही सांगितलं. समर मान खाली घालून ऐकत होता. ती थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, समर."

त्याला हसू आलं, पण हसताना धाप लागली आणि ते अर्ध्यावर राहिलं. दोन वर्षं मी लोकांना काय सांगत फिरत होतो, तो म्हणाला. अनुजाला वाटलं त्यानं ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. तो ओरडला नाही. कदाचित तेवढा श्वासच नव्हता, आणि हे मनात आल्यावर तिला रडू फुटलं. त्यानं तिला जवळ घेतलं नाही. रडणं आपोआप थांबेपर्यंत तो समोरच्या घरांकडे बघत बसला.

मग तिनं मसुदा काढून त्याच्या हातात दिला. सोमवारी पहिलं इंजेक्शन तुलाच, ती म्हणाली, फक्त सही कर, बाकीचं नंतर बघू. एकेक आठवडा मोलाचा आहे. त्यानं कागद सावकाश वाचला. 'सहभागी व्यक्तीने उपवासाच्या सूचनेचे पालन केले नाही' या ओळीवर त्याचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं.

"मी उपवास मोडला नव्हता," तो म्हणाला.

माहीत आहे, ती म्हणाली, पण उतारा लवकर मिळेल. तुझा दम परत येईल, समर, तू तेवढाच विचार कर.

"ह्याच्यावर सही केली तर हे आईनं केलं असं होतं. खाऊ तिनंच घातलं ना?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आणि त्या दुसऱ्या सगळ्यांच्या आयांनी, बायकांनी. ती सून फोनवर तुझ्याशी बोलली म्हणालीस. तिलाही हेच सांगणार?"

त्यानं कागद दुमडून तिला परत दिला आणि दुसरा लिही म्हणाला. उशीर झाला तर झाला. ती खाली जाऊन वही घेऊन आली आणि कठड्यावर वही टेकवून लिहू लागली. पहिला कागद तिनं फाडून टाकला. दुसऱ्यावर तिनं लिहिलं, की सर्व एकोणचाळीस सहभागींनी सांगितल्याप्रमाणे उपवास केला होता. केंद्राला अपेक्षित होतं ते त्यांना कधी सांगितलंच गेलं नाही. 'उपवास' हा शब्द फॉर्ममध्ये मी घातला आणि तो कोणाला वाचून दाखवला नाही. तिनं खाली सही केली, पूर्ण नाव घातलं, आणि सरकारी औषध विभागाला पाठवण्यासाठी फोटो काढायला मोबाइल वर धरला.

"थांब," समर म्हणाला. "आधी आईला वाचायला दे. तिला काय समजतंय ते बघ, मग पाठव."

अनुजा कागद घेऊन जिना उतरली.